रक्तातले एक्झोसोम आणि प्रोस्टेटचा कर्करोग: नळी भरण्यापासून निकालापर्यंत काय काय बिघडतं

कणवेध (धागाकर्ता)

पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटचं आहे, कर्करोगाचं नाही. वयानुसार ग्रंथी वाढली, तिला संसर्ग झाला, कॅथेटर घातला, तरी ते रक्तात चढतं. ४ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर या अधल्यामधल्या पट्ट्यात ज्यांची बायोप्सी होते, त्यांच्यापैकी साधारण चारांत एकालाच कर्करोग निघतो. उलट, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांपैकी १५ टक्क्यांच्या बायोप्सीत कर्करोग सापडला होता. दोन्ही बाजूंनी चुकणाऱ्या या चाचणीला जोड हवी आहे, आणि तिथेच एक्झोसोमचं नाव पुढे येतं.

पेशीच्या आत एक पिशवी तयार होते, तिच्या पोटात ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुटिका सुटतात, आणि ती पिशवी पेशीच्या आवरणाला चिकटून उघडली की त्या बाहेर पडतात. याच पुटिका म्हणजे एक्झोसोम. हे १९८३ मध्ये अपरिपक्व तांबड्या पेशींत दिसलं. पुटिकांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत पोचतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं, आणि मग निदानवाल्यांचं लक्ष तिकडे वळलं. पुटिकेच्या आवरणामुळे आतला आरएनए रक्तातल्या विकरांपासून वाचतो, हा खरा फायदा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण बातम्यांमध्ये तिची गल्लत होते. 'एक्झोडीएक्स प्रोस्टेट' ही प्रत्यक्ष वापरात असलेली चाचणी लघवीवर चालते. वय ५० च्या पुढे, पीएसए २ ते १०, गुदमार्गे तपासणी न करता घेतलेली पहिल्या धारेची लघवी, त्यातल्या पुटिकांमधले ईआरजी आणि पीसीए३ हे दोन आरएनए, एसपीडीईएफच्या तुलनेत मोजलेले, आणि १५.६ ही सीमारेषा. लघवी मूत्रमार्गातून प्रोस्टेटला घासूनच येते, त्यामुळे तिथे प्रोस्टेटच्या पुटिकांचा वाटा चांगला असतो. रक्तात तसं नाही. रक्तातल्या बहुसंख्य पुटिका प्लेटलेट, तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतात. प्रोस्टेटचा वाटा फारच थोडा. लघवीच्या चाचणीचं यश रक्ताच्या चाचणीच्या खात्यावर मांडता येत नाही.

हा धागा फक्त रक्तासाठी. माझं म्हणणं असं की या क्षेत्रात खुणांची, म्हणजे आजार दाखवणाऱ्या रेणूंची, टंचाई नाही. मोजलेली वस्तू खरंच पुटिकेतली आहे का आणि ती पुटिका प्रोस्टेटची आहे का, याच्या पुराव्याची टंचाई आहे. जाणकारांनी आपापला टप्पा लिहावा.

---

अपकेंद्री

सुरुवात सुईपासून करते, कारण निम्मे निकाल तिथेच बिघडतात.

२१ गेजची सुई, दंडाची पट्टी कमीत कमी वेळ, पहिली नळी पुटिकांसाठी वापरायची नाही; ती नेहमीच्या तपासण्यांना द्यावी. शीर टोचताना प्लेटलेट चेतवल्या जातात आणि त्यांच्या पुटिका पहिल्या नळीत उतरतात. नळी ईडीटीए किंवा सायट्रेटची (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं). हेपारिन नको: ते आरएनएबरोबर शेवटपर्यंत टिकतं आणि पीसीआर (रेणूच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) दाबून टाकतं. नळी आठ-दहा वेळा हळू उलटी करायची, हलवायची नाही. उभी ठेवायची. हवेच्या दाबाने नळ्या पाठवणारी वाहिनी इमारतीत असेल, तर हे नमुने हातानेच न्यावेत, तिच्यातल्या धक्क्यांनी पेशी फुटतात.

एक ते दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा. २,५०० जी (गुरुत्वाच्या २,५०० पट), १५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक न लावता. वरचा प्लाझ्मा पांढऱ्या थराच्या वर साधारण १ सेंटिमीटर अंतर सोडूनच उचलायचा. तो नव्या नळीत घेऊन पुन्हा २,५०० जी, १५ मिनिटं, आणि तळाशी १०० मायक्रोलीटर सोडून द्यायचे. दुसरी फेरी टाळली तर उरलेल्या प्लेटलेट गोठवताना फुटतात आणि वितळवल्यावर त्यांचे तुकडे पुटिका म्हणून मोजले जातात. गोठवल्यानंतर केलेल्या सेंट्रिफ्यूजने ही चूक भरून निघत नाही.

पुष्कळ प्रयोगशाळा 'जी' न लिहिता फेरे लिहितात. त्याला अर्थ नाही, कारण तो आकडा रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. सूत्र: जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × मिनिटाला फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर २,५०० जीसाठी मिनिटाला साधारण ३,७४० फेरे लागतात. दुसऱ्या रोटरवर तेच ३,७४० फेरे दिले तर प्लेटलेट मागे राहू शकतात.

साठवण उणे ८० अंशांना, ०.५ मिलीच्या भागांत, म्हणजे एक भाग एकदाच वितळेल. नळ्या प्रथिनं कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या.

---

जुनीवही

@अपकेंद्री, छान मांडलंत. एक प्रश्न. जुन्या नमुना-संग्रहांत बहुतेक ठिकाणी सीरमच (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आहे. १०-१५ वर्षांचा पाठपुरावा असलेले असे हजारो नमुने टाकून द्यायचे का?

---

अपकेंद्री

@जुनीवही, टाकू नका, पण प्लाझ्माच्या नमुन्यांत मिसळूही नका. रक्त गोठताना प्लेटलेट भरपूर पुटिका सोडतात, म्हणून सीरममधली पुटिकांची संख्या शरीरातली नसून नळीत तयार झालेली असते. खूण प्रोस्टेटपुरतीच असेल आणि प्लेटलेटमध्ये अजिबात नसेल, तर सीरम चालू शकतं. मिर-२१ सारखी ('मिर' म्हणजे मायक्रो-आरएनए, आरएनएचा छोटा तुकडा) सगळीकडे सापडणारी खूण असेल तर सीरमवरचा निकाल मी धरणार नाही.

आणि प्रत्येक नमुन्याचं रक्तविघटन तपासा. डोळ्यांना गुलाबी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा, ०.२ च्या वर गेला तर नमुना बाजूला. आरएनए काढला असेल तर मिर-४५१ए आणि मिर-२३ए-३पी यांच्या सीक्यू मूल्यांतला (पीसीआरच्या कितव्या फेरीला संकेत उमटतो) फरक बघा: ५ च्या खाली ठीक, ५ ते ७ संशयास्पद, ७ च्या वर तांबड्या पेशी फुटल्या आहेत असं धरा. मिर-१६ आणि मिर-४५१ए तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. काही शोधनिबंधांत मिर-१६ हाच तुलनेचा आधार म्हणून वापरलेला दिसतो. तिथे विघटनाची तपासणी दिलेली नसेल तर पूर्ण आलेखावरच प्रश्नचिन्ह लागतं.

---

घनतामापी

आता वेगळं काढण्याचा टप्पा. इथे शत्रू लायपोप्रोटीन, म्हणजे रक्तात चरबी वाहून नेणारे एचडीएल, एलडीएल वगैरे कण. प्लाझ्मात त्यांची संख्या पुटिकांच्या कित्येक पट असते, आणि गंमत नाही, खरी अडचण अशी की ते दोन वेगवेगळ्या बाजूंनी पुटिकांसारखे दिसतात.

घनतेने बघा. पुटिका साधारण १.१० ते १.१९ ग्रॅम प्रति मिली. एलडीएल १.०६३ च्या खाली, व्हीएलडीएल त्याहून हलकं, ते वर तरंगतात. पण एचडीएल १.०६३ ते १.२१, म्हणजे थेट पुटिकांच्या पट्ट्यात.

आकाराने बघा. एचडीएल ७ ते १३ नॅनोमीटर, एलडीएल विसेक नॅनोमीटर. चाळणी-स्तंभात (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या, सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीत) दोन्ही मागे पडतात. पण व्हीएलडीएल ३० ते ८० नॅनोमीटर आणि जेवणानंतरचे कायलोमायक्रॉन त्याहूनही मोठे, ते पुटिकांबरोबरच बाहेर पडतात.

म्हणजे एकट्या घनतेने एचडीएल जात नाही आणि एकट्या आकाराने व्हीएलडीएल जात नाही. दोन्ही एकामागोमाग केले तरच स्वच्छ माल मिळतो, आणि त्यात पुटिकाही बऱ्याच वाया जातात. रक्त रिकाम्या पोटी घेतलं तर कायलोमायक्रॉनचा त्रास तरी टळतो. हा सर्वांत स्वस्त शुद्धीकरणाचा टप्पा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा वगळला जातो.

सेफरोज सीएल-२बी या मण्यांचा १० मिलीचा स्तंभ घ्या. गाळलेल्या फॉस्फेट बफरने धुवा, ०.५ मिली प्लाझ्मा वर सोडा, पूर्ण शोषला गेला की लगेच बफर ओतत राहा आणि ०.५ मिलीचे भाग गोळा करा. पहिले ३ मिली जवळजवळ रिकामे येतात. पुटिका त्यापुढच्या दीड-दोन मिलीत, आणि मग प्रथिनांचा मोठा लोंढा. आपला स्तंभ कुठे देतो हे प्रत्येक भागात एकूण प्रथिन आणि सीडी८१ (पुटिकांच्या आवरणावरचं प्रथिन) मोजून एकदा ठरवा, पुस्तकातला भाग-क्रमांक उचलू नका. वरचा थर कोरडा पडला तर स्तंभात भेगा पडतात आणि प्रथिनं पुढे घुसतात. लोभाने १ मिलीपेक्षा जास्त भरलं तरी तेच होतं.

साठवण साध्या फॉस्फेट बफरमध्ये उणे ८० ला केली तर पुटिका झपाट्याने कमी होतात. त्यात मानवी अल्ब्युमिन आणि ट्रेहलोज घातल्यास टिकतात. पण अल्ब्युमिन घातल्यावर त्या नमुन्यावर प्रथिन मोजून शुद्धता काढता येणार नाही, म्हणून मोजमाप आधी उरका.

---

निळीशाई

अवक्षेपणाचे तयार संच अर्ध्या तासात काम करतात आणि आरएनए जास्त मिळतो. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत अल्ट्रासेंट्रिफ्यूज कुठून आणणार? संच वापरून पीसीआर केला तर काय हरकत?

---

घनतामापी

@निळीशाई, हरकत एवढीच की जास्त मिळालेला आरएनए पुटिकांचा असेलच असं नाही. ते संच पॉलिइथिलीन ग्लायकॉलवर चालतात. ते पाणी ओढून घेतं आणि जे जे विरघळलेलं आहे ते खाली बसवतं: अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, लायपोप्रोटीन, आणि आरएनए धरून बसलेली प्रथिनंही. चाचणी म्हणून ते चालू शकतं, पण मग निकालाला 'एक्झोसोममधला' म्हणू नका, 'अवक्षेपातला' म्हणा.

अल्ट्रासेंट्रिफ्यूजही पवित्र नाही. १,००,००० जीला ७० मिनिटं ते दोन तास फिरवलं की पुटिकांचे गोळे होतात आणि एचडीएल बरोबर येतं. नेहमीच्या कामासाठी चाळणी-स्तंभ हाच मला सर्वांत व्यवहार्य वाटतो: यंत्र लागत नाही, २० मिनिटांत होतो, आणि पुटिका शाबूत राहतात.

शुद्धतेचा पुरावा म्हणून किमान एवढं मागा: सीडी९, सीडी६३ किंवा सीडी८१ पैकी काहीतरी, आतल्या बाजूचं टीएसजी१०१ किंवा ॲलिक्स, आणि नसायला हवेत म्हणून एपोए१, एपोबी (ही दोन लायपोप्रोटीनची प्रथिनं) आणि अल्ब्युमिन. शेवटच्या तिघांची पट्टी शोधनिबंधात दाखवलेलीच नसेल तर का नाही ते विचारा. कण मोजणाऱ्या यंत्राचा आकडा एकटा उपयोगाचा नाही. ते प्रकाशाचं विकिरण बघतं, त्याला व्हीएलडीएल आणि पुटिका सारखेच. थोडं ट्रायटॉन हे साबणासारखं द्रव्य घालून पुन्हा मोजा. पुटिकांची आवरणं विरघळून संख्या कोसळायला हवी, पण नुसतं कोसळणंही पुरेसं नाही, कारण लायपोप्रोटीनही थोडेफार विस्कटतात.

---

कणवेध

@घनतामापी, 'आरएनए धरून बसलेली प्रथिनं' हा मुद्दा मोठा आहे, म्हणून तो वेगळा काढतो.

२०११ मध्ये दिसून आलं की प्लाझ्मातल्या मायक्रो-आरएनएचा मोठा हिस्सा पुटिकांत नसून आर्गोनॉट-२ या प्रथिनाला चिकटलेला असतो. त्याच वर्षी एचडीएलही मायक्रो-आरएनए वाहून नेतं हे पुढे आलं. २०१४ च्या मोजणीत तर, भरपूर समजल्या जाणाऱ्या मायक्रो-आरएनएचीही एक प्रत सापडायला सरासरी १०० पेक्षा जास्त एक्झोसोम लागतात, असं निघालं. यावरून दोन निष्कर्ष. पहिला, 'एक्झोसोमल मिर-१४१' किंवा 'मिर-३७५' असं लिहिलेलं दिसलं की ते पुटिकेच्या आत असल्याचं दाखवलंय का ते बघायचं. दुसरा, नमुना फार कमी घेतला तर प्रत सापडणं-न सापडणं हा निव्वळ योगायोग होतो.

आत असल्याचं दाखवायची पद्धत सरळ आहे. नमुन्याचे चार भाग करा. एकाला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त आरएनएज (आरएनए तोडणारं विकर). तिसऱ्याला आधी प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर), मग ते निष्क्रिय करून आरएनएज. चौथ्याला ट्रायटॉन, प्रोटिनेज के, आरएनएज असे तिन्ही. रेणू खरंच आत असेल तर तिसऱ्या भागात टिकतो आणि चौथ्यात नाहीसा होतो. दुसऱ्यात टिकला पण तिसऱ्यात गेला, तर तो प्रथिनाच्या आश्रयाला होता. प्रोटिनेज के नीट निष्क्रिय केलं नाही तर ते आरएनएजलाच खातं आणि सगळं सुरक्षित असल्याचा भास होतो. ही चूक नेहमीची आहे.

तुलनेच्या आधारासाठी यू६ हा पेशीतला छोटा आरएनए प्लाझ्मात भरवशाचा नाही. आरएनए काढण्यापूर्वी, पण पेशीभेदक द्रावण घातल्यानंतर, कृमीचा सीईएल-मिर-३९ ठराविक मात्रेत घाला. द्रावणाच्या आधी घातला तर प्लाझ्मातले विकर त्याचा फडशा पाडतात.

---

तिसरा_प्रहर

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. आजवरच्या कामात रक्तातल्या पुटिकांचा सर्वांत पटणारा उपयोग मला निदानात दिसत नाही, उपचार निवडण्यात दिसतो.

ॲन्ड्रोजन ग्राहीचं (पुरुषी संप्रेरक धरणाऱ्या प्रथिनाचं) एआर-व्ही७ हे रूप घ्या. त्याला संप्रेरक धरणारा भागच नसतो. एन्झाल्युटामाइड नेमकं त्या भागावर बसतं आणि ॲबिराटेरॉन संप्रेरकाची निर्मिती तोडतं; ग्राही संप्रेरकाशिवायच चालू असेल तर दोन्ही औषधांना पकडायला जागा उरत नाही. २०१४ मध्ये हे रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींवर दाखवलं गेलं. २०१७ मध्ये प्लाझ्मातल्या एक्झोसोमवर डिजिटल ड्रॉपलेट पीसीआरने ३६ रुग्णांत तपासलं तेव्हा ३९ टक्क्यांत एआर-व्ही७ सापडलं. त्यांच्यात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ ३ महिने, तर ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात २० महिने. फरक ठळक आहे, पण रुग्ण ३६च आहेत हे विसरू नये.

हे रक्तात का जमतं? एक म्हणजे या टप्प्यावर गाठींचा भार मोठा असतो, त्यामुळे रक्तात त्यांच्या पुटिकाही जास्त. दुसरं, प्रश्न 'किती' असा नसून 'आहे की नाही' असा आहे. सुरुवातीच्या, ग्रंथीपुरत्या आजारात या दोन्ही सोयी नसतात.

रोगाचा कल सांगण्यासाठी २०१५ मध्ये मिर-१२९० आणि मिर-३७५ पुढे आले: आधी २३ रुग्णांत शोध, मग १०० रुग्णांत पडताळणी. अशी दोन पायऱ्यांची मांडणी असलेलं काम मी जास्त मानतो.

---

शून्यगृहीत

संख्याशास्त्राकडून थोडं. 'संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९० टक्के' हे वाचून लोक हुरळतात. १,००० पुरुषांची सरसकट तपासणी धरा, आणि त्यांच्यातल्या ३० जणांना उपचार लागेल असा कर्करोग आहे असं समजा. चाचणी २७ पकडेल. उरलेल्या ९७० पैकी ९७ निरोगींनाही 'आहे' म्हणेल. म्हणजे १२४ जणांना धडकी, त्यातले २७ खरे, २२ टक्के.

आता तीच गोष्ट आधीच पीएसए वाढलेल्यांत बघा. लघवीच्या चाचणीच्या २०१६ च्या पडताळणीतले आकडे घेतो, ते जाहीर आहेत: संवेदनशीलता ९२ टक्के, विशिष्टता ३४ टक्के. १,००० जणांत ३०० ना ग्लीसन (गाठ किती आक्रमक दिसते त्याचा गुण) ७ किंवा वरचा आजार असेल, तर २७६ सापडतील, २४ सुटतील, आणि ७०० पैकी २३८ जणांची बायोप्सी वाचेल. विशिष्टता दिसायला गरीब, पण काम स्पष्ट: कोणाला सुई टाळता येईल ते सांगणं. रक्ताच्या चाचणीने आपलं काम असंच नेमकं सांगायला हवं.

निबंध वाचताना तीन ठिकाणी थांबा. एक, निरोगी गट कोण? तरुण रक्तदाते आणि सत्तरीतले रुग्ण अशी तुलना असेल तर चाचणी वय ओळखते आहे. तुलना वाढलेल्या पीएसएच्या, पण बायोप्सीत काही न निघालेल्या पुरुषांशीच हवी. दोन, रुग्णांचे नमुने एका केंद्रात आणि निरोगींचे दुसऱ्या केंद्रात घेतले का? मग वर अपकेंद्री यांनी सांगितलेला सेंट्रिफ्यूजचा फरकच 'खूण' बनतो. तीन, सीमारेषा ज्या नमुन्यांवर ठरवली त्यांच्यावरच अचूकता सांगितली का? ४० नमुने आणि ८०० मायक्रो-आरएनए असतील तर दोन गट वेगळे करणारे पाच-सहा रेणू योगायोगानेही सापडतात.

आणि स्पर्धा नुसत्या पीएसएशी लावू नका. मुक्त पीएसएचं प्रमाण, पीएचआय व फोरके या रक्तचाचण्या, पीएसए घनता (ग्रंथीच्या आकारमानाने भागलेलं पीएसए) आणि एमआरआय हे सगळं हाताशी असताना नवी खूण त्यांच्यात भर घालते का, हा प्रश्न.

---

जुनीवही

@शून्यगृहीत, ग्लीसनचा मुद्दा अजून ठसवावा असं वाटतं. ग्लीसन ६ धरून 'कर्करोग सापडला' म्हणणारी चाचणी आपण आज ज्यांच्यावर नुसती नजर ठेवतो त्यांनाच अधिक संख्येने शोधून आणेल.

पीएसएमए (प्रोस्टेटच्या पेशींच्या आवरणावरचं प्रथिन) पकडून फक्त प्रोस्टेटच्या पुटिका वेगळ्या काढायच्या, ही कल्पना कणवेध यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरेल का?

---

कणवेध

@जुनीवही, दिशा बरोबर आहे, पण जपून. पीएसएमए नुसतं प्रोस्टेटचं नाही: मूत्रपिंडाच्या नलिका, लाळग्रंथी, लहान आतडं, आणि इतर गाठींच्या नव्या रक्तवाहिन्यांतही असतं. म्हणून एका प्रतिपिंडावर विसंबू नये. चुंबकी मण्यांवर पीएसएमएने पकडायचं आणि पकडलेल्यावर सीडी९ किंवा सीडी६३ शोधायचं. दोन्ही एकाच कणावर असतील तरच मोजायचं. एसटीईएपी१ हा दुसरा पकड-बिंदू घेता येतो. प्रत्येक बॅचमध्ये असंबद्ध प्रतिपिंड लावलेले मणी हवेतच, नाहीतर मण्यांना नुसतं चिकटलेलं आणि पकडलेलं यांत फरक कळणार नाही. आणखी एक नियंत्रण आहे जे फार कमी जण लावतात: प्रोस्टेट पूर्ण काढलेल्या आणि पीएसए न सापडणाऱ्या पुरुषांचा प्लाझ्मा. तिथेही संकेत येत असेल तर तो प्रोस्टेटचा नाही.

---

तिसरा_प्रहर

यात उपचारांची भर घालतो. संप्रेरक रोखणारे उपचार सुरू केले की पीएसए उतरतं, पण पेशीवरचं पीएसएमए वाढू शकतं. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर पीएसएमए-पुटिका वाढल्या म्हणजे आजार वाढला, असं लगेच म्हणू नये. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) सहा महिने ते वर्षभर चालू असेल तर पीएसए साधारण निम्मं होतं. पीएसएशी जोडून काढलेला कुठलाही गुणांक अशा माणसात चुकेल. नमुन्याच्या चिठ्ठीवर औषधांची तारखेसकट नोंद हवी. बायोप्सीनंतर लगेच घेतलेलं रक्त नको. किमान सहा आठवडे जाऊ द्या.

---

निळीशाई

कोणी घरच्यांसाठी 'रक्तातल्या एक्झोसोमची कर्करोग तपासणी' असा अहवाल हातात घेऊन आलं, तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायला सांगायचं?

---

शून्यगृहीत

@निळीशाई, हे विचारायला सांगा. चाचणी कोणत्या प्रश्नासाठी पडताळली आहे: बायोप्सी टाळायला, उपचार निवडायला, की सरसकट शोधायला? पडताळणी ज्या पुरुषांवर झाली त्यांचं वय आणि पीएसए या माणसासारखं होतं का? 'आहे' म्हणजे ग्लीसन ७ किंवा वरचा, की कुठलाही कर्करोग? निकाल 'नाही' आला आणि एमआरआयमध्ये संशयित जागा दिसली, तर कोणाचं ऐकायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देतो: एमआरआयमध्ये पीआय-रॅड्स (१ ते ५ अशी संशयाची श्रेणी) ४ किंवा ५ ची जागा असेल तर रक्तातल्या पुटिकांच्या 'नाही'वर बायोप्सी थांबवू नका.